तीन ठोके, दोन ठोके

शेजारी म्हणत, "वेल्डरकाकांकडे चोर कशाला येईल? काका स्वतःच्याच रिकाम्या घराला विचारून कुलूप लावतात." थट्टा अगदीच खोटी नव्हती. बायको गेल्यापासून काका एकटे राहत; तरीही बाहेर पडताना दार ओढून त्यावर तीन ठोके देत, कान टेकवत आणि मगच किल्ली फिरवत.

ही सवय गोदीची. गोदी शहराहून जुनी. तिथे आधी लाकडी गलबतं बांधली गेली, मग लोखंडी जहाजं, आणि पुढे नुसती डागडुजी उरली. शहर वाढत वाढत तिला वेढून बसलं. जहाजाचं नाक लोकांच्या गॅलरीत डोकावू लागलं. एक रीत मात्र कुणी मोडली नाही. जहाजाच्या तळाशी टाक्या असतात. रंगारी आत सरपटत जाऊन त्या रंगवतात. शेवटचा पत्रा जोडण्यापूर्वी वेल्डरने हातोडीचे तीन ठोके द्यायचे. आत कुणी राहिलं असेल, तर त्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं.

काकांचा धाकटा भाऊ त्याच गोदीत रंगारी होता. एका सकाळी दोघांची घरात चांगलीच जुंपली. त्याच दुपारी काकांनी टाकीवर तीन ठोके दिले, आणि दोन परत आल्यासारखे वाटले.

"मुकादम, आत कुणीतरी आहे."

"अरे, शेजारच्या जहाजावर घण चाललाय! कान आहेत की भोपळे? भरती टळेल, जोड पत्रा."

काकांनी हाक मारली, पुन्हा ठोकलं. आता काहीच आलं नाही. त्यांनी पत्रा जोडला, भरतीला जहाज निघून गेलं, आणि धाकटा घरी आला नाही. मालक म्हणाले, "रुसला असेल. पोटात कावळे ओरडले की येईल." तो आला नाही.

काका निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी तेच जहाज दुरुस्तीला आलं. काका काठी टेकत गोदीत गेले. नवा वेल्डर हसला, "काका, आत गंजाशिवाय काय असणार? जेवणाचा डबा विसरलात की काय?"

"काप तर खरं."

जोड त्यांच्याच हातचा होता. मध्ये कुणी उघडलेला नव्हता. काका बॅटरी घेऊन आत सरपटले. गंज, चिखल, वाळलेल्या रंगाचा एक ओघळ. माणूस नव्हता. त्याचं बटणही नव्हतं.

बाहेरच्यांनी सुटकेचा सुस्कारा सोडला. काका मात्र कापलेला जोड बोटांनी चाचपत राहिले. इतकी वर्षं ते दोन ठोके कानात होते, म्हणून त्या सकाळच्या भांडणातला स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. आता आला. 'पुन्हा या घराचं तोंड पाहू नकोस.' धाकट्याने शब्दन् शब्द पाळला होता.

त्यानंतर काका कुलूप लावताना ठोकेनासे झाले. आता संध्याकाळी दार लोटून ते आतून तीन ठोके देतात आणि तसेच उभे राहतात. कडी लावतच नाहीत. शेजारच्या वहिनींना राहवलं नाही. "काका, आता कशाला हे? टाकीत नव्हते ना ते?"

"नव्हता. म्हणजे बाहेर आहे. मग कडी कशी लावू?"