भाऊजींचं गाढव

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गेली तीन वर्षं एका गाढवात अडकून पडलेत. थट्टा नाही करत. मुलांच्या नाट्यगृहात पडद्यावर एक गाढव येतं, समोर बसलेल्या मुलांशी गप्पा मारतं, रुसतं, खोड्या काढतं. ते आधी तयार करून ठेवलेलं नसतं. मागच्या खोलीत भाऊजी एक हातमोजा घालून बसलेले असतात आणि त्याच्या प्रत्येक बोटात सेन्सर शिवलेला आहे. अंगठा हलला की गाढवाचा जबडा, मनगट वळलं की मान, करंगळी हलली की कान. आवाजही त्यांचाच. सुरुवातीला हात हलल्यावर गाढव अर्ध्या सेकंदानं हलायचं. तेवढा अर्धा सेकंद काढायला या माणसानं दीड वर्ष घातलं.

पण घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच जागी. भाऊजींची उजवी करंगळी लहानपणी दारात चेंगरली, ती सरळ होत नाही. मापं घ्यायला त्यांच्यापाशी हात एकच, स्वतःचा. वाकडी करंगळी म्हणजे मोकळा हात, असंच त्यांनी त्या यंत्राला शिकवून ठेवलं. त्यामुळे दुसऱ्या कुणी मोजा घातला की गाढवाचे कान जे ताठ होतात, ते खाली म्हणून येत नाहीत.

"दुसऱ्या हाताला ते चालतच नाही, वहिनी," असं ते घरी सांगायचे. रोज दोन प्रयोग, सुट्टीच्या दिवशी तीन. आजारपणातही गेले. आम्हाला कीव यायची.

माझी जाऊ, भाऊजींची बायको, बदली होऊन दुसऱ्या शहरात गेली त्याला दोन वर्षं झाली. सोबत पाच वर्षांची लेक. भाऊजींचं आपलं 'पुढच्या महिन्यात येतो' चालूच. लेकीचा फोन यायचा तो नेमका प्रयोगांच्या मधल्या वेळात. भाऊजी फोन गाढवाच्या पडद्यासमोर धरायचे आणि गाढव तिच्याशी बोलायचं. तिला कोण आनंद!

परवा जाऊ मला म्हणाली, "ताई, या सुट्टीत ते आले नाहीत तर मी पुन्हा बोलावणार नाही. तुम्हीच सांगा त्यांना." ती उगीच बोलणाऱ्यातली नाही. मी घाबरले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी नाट्यगृह गाठलं. भाऊजी चहाला गेले होते. खोलीत बाहुलीवाल्या बाई होत्या. त्यांनी उभी हयात दोऱ्यांच्या बाहुल्या नाचवल्या, आता इथे दिवे सांभाळतात. मी सहज म्हटलं, "तुम्हाला तरी हे जमायला हवं होतं हो."

"जमतं की," बाई म्हणाल्या. त्यांनी मोजा चढवला, एक बटण दाबलं. गाढवाचे कान अलगद खाली आले. त्यानं माझ्याकडे बघून मान वाकडी केली.

"आठ महिने झाले माझ्या हाताचं माप घेऊन. दोन प्रयोग केले मी. मुलांना कळलंसुद्धा नाही. तेच त्यांना लागलं. मला म्हणाले, कुठे बोलू नका."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजी आत आले. गाढवाचे कान बघून जागीच थबकले आणि मग खुर्चीत बसले.

"मुलं हसली, वहिनी," ते म्हणाले. "माझ्याशिवाय तेवढीच हसली. इथून उठलो तर मी कोण?"

"बाप! आता लावा फोन. स्वतःचं तोंड दाखवून."

त्यांनी लावला. लेक फोनच्या पडद्यावर आली, इकडेतिकडे बघायला लागली. "गाढव कुठंय?"

"ते कामात आहे. ऐक ना, मी येतोय. उद्या. कायमचा."

"आणि गाढव?"

"ते इथेच राहणार, बाळा."

तिनं जरा विचार केला. "मग तू पण तिथेच राहा ना, बाबा. त्याला एकटं वाटेल." एवढं बोलून ती खेळायला पळाली. फोन जाऊच्या हातात राहिला. तिनं तो बंद केला नाही.

माझ्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, पण त्या क्षणी मला रडूच आलं. बाहेर तीनच्या प्रयोगाची घंटा झाली. बाई मोजा घालून तयारच होत्या.

"ती फोनवर वाट बघतेय, भाऊजी. उठा," मी म्हणाले.

भाऊजींनी बाईंपुढे हात केला, मोजा मागून घेतला आणि स्वतःच्या हातात चढवला.