सासऱ्यांसमोरची फुंक

दौंडला आले तेव्हा मला कुणी काम देईल असं वाटलं नव्हतं. शाळा आठवीतच सुटलेली, माहेर पार भंडाऱ्याकडं, नवऱ्याची नोकरी रेल्वेत म्हणून इथं. बोलताना मी मधेच 'हो जी' म्हणायचे आणि कॉलनीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. अशात स्टेशनजवळच्या दोन खोल्यांच्या एका ऑफिसात दम्याच्या पेशंटांची पाहणी करायला बाई हवी होती. पुण्याहून येणाऱ्या मॅडमनी एवढंच विचारलं, "आकडे नीट काढता येतात?" येतात म्हटलं. "मग झालं," म्हणाल्या. ते उपकार मी अजून मानते. पण त्याच दिवसापासून एक धास्तीही बसली, की कधीतरी यांना कळेल, आपण भलतीच बाई घेतली.

काम सोपं होतं. दर दोन महिन्यांनी त्याच गावांत, त्याच पेशंटांकडं जायचं. प्लॅस्टिकची एक नळी त्यांच्या हातात द्यायची, त्यांनी जोरानं फुंकायचं, काटा सरकतो तिथला आकडा बघायचा. तीनदा फुंकून घ्यायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. वर्ष झाल्यावर मॅडमनी मला कॉम्प्युटरवर दाखवलं. प्रत्येक पेशंटच्या आकड्यांची एक रेघ होती.

"या दोघींची सरासरी काढा, एकच येते," त्या म्हणाल्या. "पण ही चढत इथवर आली, ती घसरत इथवर आली. दोघींना सारखंच कसं समजायचं?"

कॉम्प्युटर एका वळणाच्या रेघा एकत्र करायचा. मी मनातल्या मनात त्यांना पेंढ्या म्हणायचे. एक चढती, एक आहे तशी, एक उतरती. काही जणी दोन पेंढ्यांच्या मधे असतात, त्यांच्याबद्दल तो ठाम बोलत नाही, असंही मॅडम सांगायच्या. दुसरं वर्ष संपलं की उतरत्या पेंढीतल्यांना छातीच्या डॉक्टरांकडं आधी पाठवायचं ठरलं होतं.

न्हावऱ्यात एक घर होतं. आधीची पिढी मेंढरांमागं फिरलेली, आता ऊस आणि चार गाई. यादीत नाव सुनेचं. सासरे, आबा, ओट्यावर खाटेवर बसलेले असायचे आणि प्रत्येक वेळी नळी मागायचे.

"आबा, तुम्हाला दमा नाही."

"नसंना का. आमची शीळ वढ्यापल्याडची मेंढरं वळवायची, बाई. बघू तरी तुजा काटा कुठवर जातोय."

सून मात्र भिंतीकडं तोंड करून, पदराच्या आत नळी धरून हळूच फुंकायची. आबा हसायचे, "दिवा इझवतीस व्हय गं?" ती आणखीनच आक्रसायची. मी आकडा लिहायचे. बाईचा दम एवढाच, असं समजून वर्ष काढलं.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच खेपेला ती गोठ्यात होती, म्हणून तिथंच नळी दिली. तिनं पदर खोचला, गाल फुगवले आणि अशी फुंकली की काटा कधी नव्हता तिथं गेला. "मग घरात असं का नाही फुंकत?" मी विचारलं.

"ताई, सासऱ्याम्होरं गाल फुगवून कसं फुंकायचं? आमच्यात न्हाई चालत," ती म्हणाली. "हितंच घेत जावा."

मग मी गोठ्यातच घेत गेले. फॉर्मवर ते लिहिलं नाही. लिहायला जागा नव्हती हे खरं, पण लिहिलं तर आधीचं वर्षभर चुकलं हेही सांगावं लागलं असतं. ते नको होतं मला.

त्यानंतर गोठ्यातला तिचा आकडाही दर खेपेला थोडा थोडा खाली येत गेला. शेवटी शेवटी ती दुधाची बादली नेताना दम खायला दोनदा खाली ठेवायची.

वर्षअखेरीला यादी निघाली. उतरत्यांत तिचं नाव नव्हतं. पहिल्या वर्षी रेघ खाली, मधे एकदम वर, मग हळूहळू पुन्हा खाली. शेवटी जिथं सुरू झाली तिथंच आली, म्हणून ती 'आहे तशी'त गेली होती. आणि तिला घसरताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दोन दिवस मी गप्प राहिले. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार, याचीच काळजी. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलापुढं उभी राहून सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तिची रेघ पुन्हा उघडून पाहिली. मग विचारलं, "असं आणखी किती घरी?"

"सासरे समोर असले की सगळ्या सुना तशाच फुंकतात, मॅडम."

"बसा," म्हणाल्या. रागावल्या नाहीत. दोन वर्षांचे फॉर्म माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "कुठं घेतलं, समोर कोण होतं, आठवेल तेवढं लिहा. नाही आठवलं तर तसं लिहा. अंदाजे काही नको." मला चार दिवस लागले. वडीलधाऱ्यांसमोरचे आकडे वेगळे धरून त्यांनी पेंढ्या नव्यानं पाडल्या. बऱ्याच सुना एका पेंढीतून दुसरीत गेल्या. ती उतरत्यांत आली.

छातीच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी घेऊन मी एसटीनं न्हावऱ्याला गेले. आबा ऐकेनात.

"तिला काय झालंय? पाचला उठती, समदं करती."

मी रेघ दाखवली, दर खेपेला दम थोडा थोडा उतरतोय म्हटलं. ते कागदाकडं बघतच नव्हते. मग म्हणाले, "आमच्यात बी मागं पडणारं मेंढरू एका दिसात कळत न्हाई. रोज जरासं मागं ऱ्हातं. कवापासनं म्हंतीस?"

"वर्ष होत आलं, आबा."

त्यांनी मुलाला हाक मारली आणि मोटारसायकल काढायला सांगितली.

दौंडला डॉक्टरांनी तिची छाती पुन्हा पुन्हा तपासली आणि दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी निरोप द्यायला मी न्हावऱ्याला गेले, तर ओट्यावरची खाट रिकामी, आबा डोक्यावर वैरण घेऊन गोठ्याकडं येत होते.

"किती दिस?"

"आठ दिवस म्हणालेत."

"धा ठिवा म्हणावं," म्हणाले, आणि वैरण खाली न टाकताच गोठ्यात गेले.