पडवीतली स्पॅनिश

लग्नानंतरच्या त्या उन्हाळ्यात मी नवऱ्याशी दिवसाउजेडी जे काही बोलले ते स्पॅनिशमध्ये. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. तेव्हा आम्हीही हसलोच होतो.

हे बोटीवर सुकाणी होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस दर्यावर असायचा, त्यात नवल नव्हतं. पण दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात ह्यांच्या कंपनीला किनाऱ्यावर राहणारा माणूस हवा होता, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही येणारा. ती जागा मिळाली तर बायकोला तिकडे नेता येणार होतं. इंग्रजी ह्यांना बोटीवर येऊन चिकटलेली, मला शाळामास्तर वडिलांनी छडी दाखवून शिकवलेली. राहता राहिली स्पॅनिश. त्यासाठी ह्यांनी मुंबईहून जुनं पुस्तक आणलं आणि मलाही शिकायला बसवलं.

घरात वडीलधारी माणसं असताना नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण अभ्यास म्हणजे काही बोलणं नव्हे, असं ह्यांनी आईंना पटवून दिलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "अब्यास काय तो माज्यासमोर करा." मग आम्ही पडवीत बसायचो, मधे पुस्तक, आणि समोर आई आमसुलांसाठी रतांबे फोडत असायच्या.

पुस्तक इंग्रजांसाठी लिहिलेलं. वाचणारा जन्माने साहेबच असणार, असं लिहिणाऱ्याने धरूनच टाकलेलं. पानोपानी तो आमची कीव करायचा. 'मी येतो' याला एक रूप, 'तू येतोस' याला दुसरं, 'ते येतात' याला आणखी वेगळं, इंग्रज माणसाच्या जिभेला केवढा हा जाच! आमच्याकडचं शेंबडं पोरही हे करतं, त्यात काय एवढं? पण इंग्रजीतूनच शिकायचं, म्हणून आधी साहेब व्हायचं, मग अडखळायचं आणि मग समजायचं, असा तो द्राविडी प्राणायाम चालायचा.

पहिलं रूप ह्यांनी म्हणायचं, दुसरं मी. हे म्हणायचे, "वेंगो." मी येतो. मी म्हणायची, "वियेनेस." तू येतोस. ह्यांना 'तू' म्हणायला मराठीत माझी जीभ जन्मात वळली नसती. तिथे ती सासूच्या देखत वळली आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे पुस्तकात तोंड खुपसून हसत होते. माझ्या सगळ्या संसारात सुख म्हणतात ते तेवढंच.

आधी हे एकटेच त्या बंदरात जाणार होते. निघायच्या दिवशी हे आईंच्या पाया पडले. त्यांनी हातावर दही घातलं. बाहेर बैलगाडी उभी होती, शेजारपाजारची माणसं जमली होती. उंबऱ्यात हे वळले, आईंच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वेंगो." पुस्तकाच्या मते ही साफ चूक. तिकडे निघणाऱ्याने 'जातो' म्हणायचं असतं, तसा धडाच होता. पण घरातून निघताना 'जातो' म्हणायला आमच्या माणसाची जीभ रेटणार कशी? ह्यांनी आपला 'येतो' तिकडच्या भाषेत म्हटला आणि गाडीत बसले. माणसं हसली, साहेब झाला म्हणाली. मी माझं रूप मनात म्हटलं, "वियेनेस."

पावसाळा सरता सरता कंपनीच्या कचेरीतून निरोप आला. त्याच बंदरात हे तापाने गेले होते, तिथेच पुरलं होतं. माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. रडताना मला एकच गोष्ट सलायची. तापात ह्यांनी पाणी कसं मागितलं असेल? खाण्यापिण्याच्या धड्यापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. आम्ही नुसते येतजात बसलो होतो.

आईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. बोललंच तर कामापुरतं, तेही भिंतीकडे बघून. पोटचा पोर गेलेली बाई, तिला मी काय विचारणार?

पुन्हा रतांब्यांचे दिवस आले. पडवीत आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. रतांबे फोडता फोडता आई म्हणाल्या, "उंबऱ्यात तो येतो म्हनला न्हाय. कायतरी भलतंच बोल्ला. येतो न म्हनता गेला, म्हनून फिरला न्हाय. तुमच्या त्या अब्यासानं खाल्लान माज्या पोराला."

ही बाई माझ्याशी का बोलत नव्हती, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "आई, ते येतोच म्हणाले होते. त्या भाषेत वेंगो म्हणजे येतो."

"देवाशप्पत?"

"देवाशपथ."

फोडलेला रतांबा त्यांच्या हातातच राहिला. लाल रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला तरी त्यांनी पुसला नाही. "वेंगो," त्या पुटपुटल्या. मला वाटलं, चला, हिच्या जिवावरचा धोंडा उतरला. माझंही मन जरा हलकं झालं.

मग त्यांनी कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "येतो म्हनला व्हता, तर मग आला का न्हाय गो?"