कललेली गॅलरी

कॉलेजात फोटोग्राफीच्या सरांनी प्रवासातला एक कृष्णधवल फोटो मागितला, तेव्हा मी पांडेसऱ्याहून बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला गेलो. माझ्यासाठी तोच प्रवास होता. लहानपणी आम्ही तिथल्या एका जुन्या चाळीत राहायचो, आणि आता ती पाडणार होते. मी तिच्या लांब लाकडी गॅलरीचा फोटो काढला. घरी मोबाइलवर रंग काढले, सावल्या गडद केल्या आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे कललेल्या रेषा सरळ केल्या. बरा झाला असं वाटलं, म्हणून आईला दाखवला.

तिने मोबाइल हातात घेतला. "हाई आपली चाळ नही," ती म्हणाली. "आपली गॅलरी वाकेल व्हती. तुन्या गोट्या आपोआप जिनाकडे पयेत. सरळ कसाले करी?"

"सरांना सरळ लागतं, माय."

"सर तठे राहेल व्हतात का?"

मला हसू आलं. गोट्या खरंच घरंगळत जिन्यापर्यंत जायच्या. मी रेषा होत्या तशा कलत्या केल्या. आईने फोटो मोठा केला आणि आमच्या शेवटच्या खोलीच्या दारावर बोट ठेवलं. मग शेजारणींची नावं एकेक करून सांगू लागली.

मार्क बहुधा कमी मिळतील. तरी मी तोच फोटो दिला. त्या घराचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.