कुंकवाचे तीन ठिपके

मी चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो. एकवीस वर्षं हेच काम. तळवड्याच्या घरी माझ्याकडे एक जुना संगणक आहे, मी शाळेत होतो त्या काळातला. चिखलीच्या भंगारवाल्याकडे तो एका डब्यासारख्या टीव्हीसकट मिळाला. त्याच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या सातशे अडुसष्ट चौकटी आहेत आणि एका चौकटीत दोनच रंग मावतात. तिसरा आला की एकाला जावंच लागतं. आजच्या फोटोत मात्र रंगांची गणती नसते. असा फोटो या संगणकाला दाखवता येईल, असा बदलून देणारा प्रोग्राम मी लॅपटॉपवर लिहिला. सुट्टीचे दिवस जोडून चार वर्षं लागली.

सगळे आकडे वहीत आहेत. सुरुवातीला एका फोटोला एक्केचाळीस सेकंद लागत, आणि तिसाव्या-पस्तिसाव्या फोटोला प्रोग्राम गोठून बसे. गोठण्याचं कारण सापडायला आठ महिने गेले. एक फोटो बदलून झाला की त्याने अडवलेली मेमरी मी मोकळीच करत नव्हतो. ते सुधारलं, मग वेगामागे लागलो. एक नियम घातला: चौकटीत चारपेक्षा कमी ठिपके असलेला रंग विचारातच घ्यायचा नाही. वेळ नऊ सेकंदांवर आला आणि चेहऱ्यांवरचे भुरकट डागही गेले. या नियमाचा मला फार अभिमान होता. कारखान्यात असं काही सुचवलं असतं, तर सूचनाफळ्यावर माझा फोटो लागला असता.

आमच्या सोसायटीला वीस वर्षं झाली, तेव्हा सेक्रेटरी घरी आले.

"राव, प्रत्येक घरातला एक फोटो तुमच्या त्या डब्यावर दाखवू या का हॉलमध्ये? पण दोन दिवस बंद पडता कामा नये."

"पडणार नाही."

"लेखी देता?"

मी दिलं. चौसष्ट फोटो, एकाही फोटोत चूक नाही, दोन दिवसांत एकदाही बंद नाही. खाली सही, तारीख.

"लग्नात एवढं लेखी कुणी दिलं नव्हतं आम्हाला," बायको म्हणाली.

चौसष्ट फोटो मी पाच वेळा बदलून पाहिले. तीनशेवीस वेळा प्रोग्राम चालला, एकदाही गोठला नाही. माझ्या हिशेबाने काम झालं होतं. पण आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. माल सुरू करण्याआधी पहिला नग तपासायचा, आणि ज्याने बनवला त्याने नाही, दुसऱ्याने. त्याने कार्डावर सही केली तरच पुढचा माल. घरीही तसंच करायचं ठरवून मी तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना वर बोलावलं. सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे, आणि सगळ्यांत वयस्क तेच. पहिला फोटोही त्यांचाच होता: दोघं कमरेपर्यंत, मागे गोठा.

टीव्हीवर फोटो वरून खाली उतरत आला. आजी पुढे सरकून बघत राहिल्या. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

"माझं कुकू कुठाय?" आजी म्हणाल्या.

मी पाहिलं. कपाळ कोरं होतं.

"मेलो का काय मी?" आजोबा खुर्चीतून म्हणाले. "हितं चा पितोय की."

"गप ऱ्हावा तुमी," आजी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "ह्ये असं चारचौघांत दावायचं न्हाई हां, बाबा. मी येनार न्हाई मग."

त्यांनी सही केली नाही. कार्ड तसंच टेबलावर राहिलं. जाताना आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाकी समदं झाक हाय. गोठा तर लय भारी."

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या मापाला आजींचं कुंकू तीन ठिपक्यांचं होत होतं, आणि माझा नियम चारपेक्षा कमी असलेल्यांना बाहेर काढत होता. मग मी सगळे फोटो मूळ फोटोंशेजारी ठेवून मोजले. कुंकू किंवा टिकली असलेल्या बायका एक्कावन्न. त्यांतल्या सदतीस जणींचं कपाळ मी पुसलं होतं. सदतीसांत माझी बायकोही होती.

"तुला दिसलं नाही?" मी विचारलं.

"दिसलं की. मला वाटलं, तुमच्या मशीनला तेवढं जमत नसेल."

मशीनला जमत होतं. मीच जमू देत नव्हतो. दोन महिने हे चेहरे माझ्यासमोर होते आणि मी सेकंद मोजत बसलो होतो.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. नियम काढून पाहिला, तर वेळ वाढला आणि चेहऱ्यांवर गोवर उठल्यासारखे ठिपके आले. मग दुसरा नियम घातला: कपाळाच्या मध्यभागी लाल ठिपका दिसला तर तो राखायचा. सदतीसच्या सदतीस कुंकवं परत आली. एवढ्यावर थांबलो असतो, पण मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुन्हा मोजली तर एक्कावन्नची बावन्न झाली होती. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली आहेत. त्यांच्या फोटोच्या कागदावर कपाळापाशी लालसर डाग होता आणि प्रोग्रामने त्याचं ठसठशीत कुंकू केलं होतं. एक गेलेलं जितकं चूक, तितकंच हे एक आलेलं चूक. त्यांनी ते हॉलमध्ये, सगळ्यांदेखत पाहिलं असतं तर मी लेखी काय दिलं असतं?

तेव्हा ठरवलं, असलं काही प्रोग्रामने ठरवायचंच नाही. जो लहान रंग तो गाळणार आहे आणि जो आजूबाजूपेक्षा अगदी वेगळा आहे, तो त्याने आधी मला दाखवायचा. ठेवू की काढू, एवढंच विचारायचं. मी आणि बायको मूळ फोटो हातात धरून बसलो. ती म्हणायची "ठेवा", मी बटण दाबायचो. डाग आला तेव्हा तिने फोटो उजेडात धरला आणि म्हणाली, "काढा." सगळे फोटो व्हायला पाऊण तास लागला. मोजलं, एक्कावन्न. गेलेलं शून्य, आलेलं शून्य. प्रोग्रामचा वेळ नऊ सेकंदांवरून अकरावर गेला, तेही वहीत लिहिलं. पुन्हा तीनशेवीस वेळा चालवला. गोठला नाही.

आजींना परत वर बोलावलं. त्यांनी बोट टीव्हीच्या काचेला लावून ते तीन ठिपके तपासले.

"आता मी हाय का?" आजोबांनी विचारलं.

"हायसा," आजी म्हणाल्या. "द्ये रं, कुटं करू सही?"

हॉलमध्ये दोन दिवस, रोज पाच तास, पंधरा सेकंदांना एक याप्रमाणे फोटो फिरले. सदतीस फेऱ्या पूर्ण झाल्या. मी बाजूच्या खुर्चीत वही घेऊन होतो आणि उठायची वेळ आली नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाई आपला फोटो येईपर्यंत थांबल्या, पाहिला, शेजारणीला म्हणाल्या, "अगं, मीच की ही," आणि आणखी एक फेरी थांबल्या.

शेवटच्या दिवशी सेक्रेटरींनी माझा कागद परत दिला. बायकोने तो घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावला, आणि त्याच्यावर ते कार्ड. नगाचं नाव: फोटो, एक. दोष: नाही. तपासणाऱ्याच्या रकान्यात आजींनी सहीबरोबर वाकड्या अक्षरांत लिहिलंय, "बरोबर हाय." एकवीस वर्षांत मी हजारो कार्डं पाहिली. घरी जपून ठेवलेलं हे एकच.