पायांची जोडी एकच

आमच्या जिन्यावरून तो आडवा उतरायचा. खेकड्यासारखा. एक हात कठड्यावर, आधी डावा पाय खाली, मग त्याच पायरीवर उजवा, मग जरा दम, मग पुढची पायरी. दाराची चौकट भरून टाकणारा गडी, आणि उतरायचा मात्र शालूत पाय अडकेल म्हणून जपणाऱ्या नव्या नवरीसारखा. शेवटच्या पायरीवर थांबून तो मान वर करायचा, मी दारात उभी राहून हसते आहे का ते बघायला. मी असायचीच. सकाळचा तेवढा तमाशा मी कशाला सोडू?

"हसा आजी, हसून घ्या," तो म्हणायचा. "चपला कितीही भेटतात. पायांची जोडी एकच आहे."

नाव सांगत नाही. त्याची परवानगी घेतलेली नाही, आणि आता ती मागायला गेले तर लोक म्हणतील, म्हातारी ओळख दाखवते.

घर त्याचं रांझीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आजोबा वर्ध्याकडून इकडे हिंदी मुलखात कारखान्याच्या नोकरीला आले ते इथलेच झाले. वडीलही त्याच कारखान्यात. रांझीहून आमच्या राइट टाउनला बस येते, पोरं सायकलनेही येतात. पण बसमध्ये उभ्याने धक्के बसतात आणि सायकल कुणीही ठोकतं, म्हणून यानं कॉलेजजवळ आमची वरची खोली घेतली. गुडघ्यासाठी खोली भाड्याने घेणारा भाडेकरू मी पहिल्यांदाच पाहत होते.

तो कबड्डी खेळायचा. कॉलेजच्या संघाचा मुख्य चढाईपटू. मैदानावर मी त्याला पाहिला आहे, आणि खरं सांगते, तिथे तो वेगळाच प्राणी होता. समोरचे चारचार जण अंगावर पडायचे आणि हा न्हाणीतल्या साबणासारखा त्यांच्या हातांतून निसटून रेषेला बोट लावायचा. मैदानाबाहेर आला की पुन्हा काचेचं भांडं.

बारातीत नाचायचा नाही. होळीला खिडकीतून बघायचा, रस्त्यावर रंगाचं पाणी असतं, पाय सरकतो. गल्लीतल्या मुलांनी क्रिकेटला बोलावलं तर म्हणायचा, "मी अंपायर." एकदा मी सांगितलं, गॅसचा सिलेंडर आत नेऊन ठेव. त्यानं सिलेंडरकडे असं पाहिलं, जसा तो त्याला चावणार होता.

"आजी, कंबरपण एकच आहे ना जी."

"अरे, मग तुला खायला घालून मी काय करून राहिले? हत्ती पोसला आणि ओझं मीच उचलू?"

शेवटी सिलेंडर समोरच्या दुबेजींनी आत नेला. वय पासष्ट. जाताना त्यांनी हिंदीत जे नाव ठेवलं ते गल्लीभर झालं: सोने की टांग.

आता माझ्या टांगेबद्दल. माझा उजवा गुडघा देवाचा आहे आणि डावा डॉक्टरांचा. तो बदलून घेतला त्या वेळी व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. मी तिला चहा पाजून, गप्पा मारून, व्यायाम न करता परत पाठवायची. हे त्याला वरून दिसलं. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी आडवा खाली उतरायचा, टॉवेलची गुंडाळी करून माझ्या गुडघ्याखाली सरकवायचा आणि हुकूम सोडायचा.

"दाबा. अजून दाबा. काहून हसता?"

"तुझं तोंड बघून."

"तोंड नका बघू, टॉवेल बघा. चलो, फिरसे."

ऑपरेशननंतर मी काठी घेऊन का होईना फाटकापर्यंत चालत गेले, ते त्या टॉवेलमुळे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. डोक्यावर चढला असता.

अशा संध्याकाळी गुडघा दाबता दाबता मी त्याला माझी कथा ऐकवायची. माझ्या घरी आलेल्या प्रत्येक माणसाला ती ऐकावी लागते, तुम्हीही आता सुटत नाही. कॉलेजात मी खो-खो खेळायची. काय रुबाब होता माझा! दोन वेण्या वर बांधलेल्या, नाक त्याहून वर. उपांत्य सामन्यात खांबाला वळसा घेताना गुडघा मुरगळला. टम्म फुगला. सगळ्या म्हणाल्या, उद्या खेळू नकोस. मी म्हटलं, मी नाही तर कॉलेजचं नाव कोण राखणार? जणू कॉलेजच्या इमारतीचा एक खांब माझ्या डोक्यावर होता. मैत्रिणीच्या ओढणीने गुडघा आवळला, अंतिम सामना खेळले, आणि आम्ही जिंकलो. त्याचा एक छोटा कप अजून देवघरात आहे. त्यात मी फुलवाती ठेवते.

कथा इथे संपते. पन्नास वर्षं ती इथेच संपत आली. ऐकणारे "वा!" म्हणतात, मी मान खाली घालते, आणि चहा येतो.

मग त्याचं शेवटचं वर्ष आलं. टीव्हीवर ती चकचकीत कबड्डी लीग लागते ना, दिवे, धूर, ढोल, तिच्यातल्या एका संघानं त्याला निवडीच्या शिबिराला बोलावलं. घरी पेढे आले. त्याची आई रांझीहून आली आणि माझ्या हातावर पेढा ठेवताना रडली. आणि नेमकं शिबिराच्या आधल्याच आठवड्यात कॉलेजचा अंतिम सामना होता. तोही चालला असता. पण उपांत्य सामन्यात त्याच्या गुडघ्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती दिली तर शिबिरापर्यंत ठीक होईल. मातीवर पुन्हा झटका बसला तर मी काही सांगू शकत नाही.

त्यानं कॉलेजात जाऊन सांगितलं, अंतिम सामना मी खेळणार नाही.

झालं! जणू यानं मैदान विकून खाल्लं. वर्गातली मुलं बोलेनात. दुबेजी फाटकाशी येऊन मला म्हणाले, "भाभीजी, जिस कॉलेज ने बनाया, उसी को ठेंगा?" कप्तान घरी आला. तो गोहलपूर मोहल्ल्याचा, वडिलांचं वेल्डिंगचं दुकान. परीक्षा झाली की तोही दुकानात बसणार होता. वर जाऊन तो भांडला नाही, जिन्याखाली उभा राहून मलाच म्हणाला, "आजी, उसका तो आगे बहुत है. मेरा यही आखिरी है." एवढं बोलून तो गेला.

शेवटी त्यांचे क्रीडाशिक्षक आले. मराठीच, घरोबा होता. म्हणाले, "काकू, तो तुमचं ऐकतो. तुमची ती खो-खोची गोष्ट सांगा त्याला."

मी तर कमरेला पदर खोचूनच बसले होते. म्हटलं, सर, उद्या सकाळी या. पोरगा बूट घालून उभा असेल.

संध्याकाळी तो उतरला, टॉवेल सरकवला. मी कथा लावली. खांब, वेण्या, ओढणी, कप. या वेळी आवाजात जरा कंपही आणला. शेवटी म्हटलं, "बघ बाबा, असं असतं खेळणं."

तो टॉवेलकडे बघत होता. म्हणाला, "अच्छा. मग पुढच्या हप्त्यात काय झालं, आजी?"

"कोणत्या पुढच्या?"

"सामन्याच्या पुढच्या. गुडघा फुगला होता ना. मग?"

तुम्हाला सांगते, पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांनी नाही, सुनेनं नाही, नातवंडांनी नाही. सगळे कपापाशी थांबले. आणि मी कुणाला विचारू दिलंच नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या संघाची निवड होती," मी म्हटलं.

"तुम्ही गेल्या?"

"मी आंबेहळदीचा लेप लावून पडले होते. पाय जमिनीला टेकत नव्हता."

"मग त्याच्या पुढे?"

"पुढे काय? पुढे मला बघायला नागपूरची मंडळी आली. मी लंगडत लंगडत पोहे घेऊन गेले. ते पोहे खाऊन गेले आणि निरोप आला, मुलीच्या पायात दोष आहे. त्यानंतर आमचे हे आले. मी तशीच, पाय ओढत, हळूहळू. यांना वाटलं, मुलगी लाजते आहे. आयुष्यात एकदाच कुणी मला लाजरी समजलं, ते त्या गुडघ्यामुळे!"

तो इतका हसला की हातातला टॉवेल सुटला. मीही हसले. मग त्यानं माझ्या त्या डॉक्टरांच्या गुडघ्यावर हात ठेवला, जसा आपण झोपलेल्या पोरावर ठेवतो, आणि म्हणाला, "दाबा आजी. अजून एकदा."

सकाळी सर आले. मी दारातच म्हटलं, "सर, पायांची जोडी एकच आहे."

"काकू, तुम्हीसुद्धा?"

"मी तर सगळ्यात आधी. माझी जोडी फुटली ना. चहा घेणार?"

सरांनी चहा घेतला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे, मीच सुरू केलेली. अंतिम सामना असला की संघ आमच्या फाटकावरून मैदानाकडे जातो, आणि जुनी खेळाडू म्हणून मी सगळ्यांना ओवाळते. त्या दिवशी पोरं रांगेत उभी राहिली. रांगेच्या अगदी शेवटी हा. खेळायचे कपडे नाहीत, साधी पँट-शर्ट, हातात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. त्याला वाटलं असतं तर तो वर खोलीत दार लावून बसू शकला असता. मीही तसंच समजून चालले होते.

मी ताट घेऊन त्याच्यापर्यंत आले, तेव्हा कप्तान म्हणाला, "आजी, ये तो खेल नहीं रहा."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्हाला टिळा जिंकायला. याला शिव्या खायला. त्यालाही हिंमत लागते."

आणि शिव्या खाल्ल्याच त्याने. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते. मागून ओरडणं चालूच होतं, सोने की टांग, सोने की टांग! तो मैदानाच्या कडेला उभा राहून बाटल्या देत होता, टॉवेल देत होता, आपल्या जागी चढाईला जाणाऱ्या पोराला कानात काहीतरी सांगत होता. सामना शेवटपर्यंत अडकलेला. शेवटच्या चढाईत ते पोर रेषेपासून हातभर अंतरावर पकडलं गेलं. आपण हरलो.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा उजवा हात लांब पुढे गेलेला होता, रेषेला बोट लावायला. तो हात त्यानं हळूच खिशात घातला.

कप्तानाचा घोटा मुरगळला होता. हा बर्फ घेऊन त्याच्यासमोर मातीत बसला. कप्तानाने पाय मागे घेतला. हा बसूनच राहिला. बर्फ वितळून मनगटावरून ओघळायला लागला, तेव्हा कप्तानाने तोंड दुसरीकडे वळवलं आणि पाय पुढे केला.

त्या संध्याकाळी तो जेवायला आला नाही. मी पाहिलं तर जिन्यावर बसलेला.

"आजी, बरोबर केलं ना मी?"

"मला काय माहीत? मी तर खेळले होते."

त्याला हसू आलं नाही. मग मी कठड्याला धरून खालच्या पायरीवर बसले. म्हटलं, "कप आला असता तर फुलवाती ठेवायला कामाला आला असता. पण कुणी विचारलं, की पुढच्या हप्त्यात काय झालं, तर तुझ्याजवळ सांगायला काहीतरी पाहिजे. जा, वरण गरम आहे."

तो शिबिराला गेला. निवडला गेला. सामान न्यायला वडील आले होते. तो स्वतः जिन्यावरून शेवटचा उतरला, आडवाच, आणि मी हसायला दारात उभी राहिले, पण त्या दिवशी ते काही नीट जमलं नाही.

वरच्या खोलीत आता बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी राहते. गोड आहे. जिना उतरते ती जणू वरून कुणी बटाट्याचं पोतं सोडून दिलं. मी दारात जायच्या आधी ती फाटकाबाहेर असते.

त्याचा पहिला सामना टीव्हीवर होता तेव्हा अर्धी गल्ली आमच्याकडे जमली. दुबेजी सगळ्यात पुढे, येईल त्याला सांगत होते, "अपना लड़का है. इसी घर में रहा." कप्तानही आला होता, हाताला दुकानातलं काळं तसंच. येऊन जमिनीवर बसला.

दिवे फिरले, धूर सुटला, ढोल वाजले. एकेकाचं नाव पुकारलं जायला लागलं आणि खेळाडू वरच्या दारातून धावत, पायऱ्यांवरून उड्या मारत मैदानात यायला लागले. मग याचं नाव आलं. हा दारात उभा राहिला. कठडा धरला. आडवा झाला. आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा.

खोलीत हशा पिकला. दुबेजी म्हणाले, "अरे, ये क्या! दुल्हन उतर रही है क्या?"

"चुप रहिए, अंकल," कप्तान टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला. "जोड़ी एक ही है."

ढोल वाजतच होते. शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि त्यानं मान वर करून समोर पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं असेल म्हणा. पण मी काठी न घेता उठले होते आणि उभी होते.