चमेलीचा रविवार

हेमलताबाईंना त्या चमेलीच्या अत्तराचा मनस्वी तिटकारा होता. लावलं की पाच मिनिटांत डोकं धरायचं. तरी दर रविवारी त्या ते मानेला, पदराला, वर नवऱ्याच्या कॉलरलाही चोपडत. भालचंद्रराव सरकारी हापिसात क्लार्क, स्वभावाने थट्टेखोर. ते म्हणायचे, "अगं, वरात कुणाची निघाली?"

"गप्प बसा हो! बोंबील कुणाला हवे असतात?"

सगळं त्या बोंबलांपायीच होतं. चौऱ्याहत्तर साली त्यांनी दिल्लीच्या मुनिरक्यात दोन खोल्या घेतल्या, तेव्हाच म्हाताऱ्या चौधरींनी, म्हणजे घरमालकांनी, बजावलं होतं, "मांस-मच्छी नहीं!" आणि हे पडले मालवणचे! गावाहून येणारे सुके बोंबील सोडवतात होय? याच वासापायी दिल्लीत आधीची दोन बिऱ्हाडं मोडली होती. तिसरं मोडलं, तर सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत जायचं कुठे? म्हणून सरोजिनी नगरच्या बाजारातून ती बाटली आली. आधी खिडक्या बंद, मग तव्यावर बोंबील, मग चमेलीचा मारा.

पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक. गल्लीतल्या बायका त्यांना 'खुशबूवाली भाभी' म्हणू लागल्या, आणि बाईंना ते चक्क आवडायला लागलं! डोकं दुखायचं ते दुखायचंच.

चौथ्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना, घरात बोंबलाचं शेपूटसुद्धा नसताना, त्यांनी निव्वळ हौसेने अत्तर लावलं. जिन्यात चौधरींची सून उभी होती. तिने नाक वर केलं.

"भाभी, आज तो बुधवार है. आज मछली कैसे?"

हेमलताबाईंना वाटलं, संपलं! गेली खोली!

"न... नहीं जी..."

"अरी, घबराती क्यों है? चार साल से, जिस दिन तू चमेली लगाती है, मैं ससुरजी को चौपाल पर भेज देती हूँ. आज भी भेज दिया. बेचारे बिना बात ठंड में बैठे हैं!"

हसावं की रडावं, बाईंना कळेना. त्या धावत वर गेल्या, बाटली घेऊन आल्या आणि हळदीकुंकवाला लावतात तसं त्यांनी तिच्या हाताला अत्तर लावलं. डोळे तर केव्हाच भरले होते.

सुनेने हात नाकाशी नेला आणि सटासट चार शिंका दिल्या.

"हाय राम! तू यह सहती कैसे है?"